वय विचारायचं कुणी?

बरोब्बर मोजून आणलेले पैसे, ही पहिली खूण. मोठा माणूस दारू घ्यायला आला की खिसे चाचपतो, रॅककडे बघत उभा राहतो, हे आहे का ते आहे का विचारतो आणि शेवटी नेहमीचंच घेऊन जातो. पोरगं आलं की त्याच्या मुठीत पैसे आधीच मोजलेले असतात, घामाने ओलसर झालेले, बाटलीचं नाव बाहेरूनच घोकून आलेलं असतं आणि ते नाव तो जरा जास्तच जाड आवाजात सांगतो, बघतो मात्र तुमच्या खांद्यामागे कुठेतरी. आणि बाहेर दोन-तीन जण उभे असतात जे अजिबात आत बघत नसतात, इतके बघत नसतात की लगेच कळतं.

मी शिकत असताना दीड वर्ष संध्याकाळचा एका दारूच्या दुकानात काउंटरवर होतो. घरी सांगितलेलं की जनरल स्टोअर आहे, असो. तेव्हा मी 22 चा, चेहऱ्याने 18 चा दिसायचो, म्हणजे खरं तर माझंच वय लोकांनी विचारायला हवं होतं. पहिल्या दिवशी मालकाने ट्रेनिंग दिलं ते एका वाक्यात, 'वय विचारत जा, पण गिऱ्हाईक तोडू नको'. या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझं दीड वर्ष गेलं.

हे सगळं आता लिहायला बसलोय कारण मागच्या महिन्यात एक रात्र हॉस्पिटलात काढावी लागली, त्याबद्दल पुढे सांगतो.

तर आयडी बघायचं म्हणजे काय करायचं? जन्मतारीख विचारून फार उपयोग नसतो, खोटं किंवा मोठ्या भावाचं कार्ड आणणारा पोरगा तारीख पाठ करूनच येतो. मी एक शोधलं होतं, तारीख सांगून झाली की लगेच विचारायचं, 'म्हणजे आता किती पूर्ण?' खऱ्या माणसाला स्वतःचं वय तोंडावर असतं, खोट्याला मनात वजाबाकी करावी लागते आणि वजाबाकी करताना डोळे वर जातात. दुसरं म्हणजे रास विचारायची. एकदा एकाने 'माहीत नाही, आमच्यात मानत नाहीत' असं इतक्या शांतपणे सांगितलं की मला हसू आलं, पण बाटली नाही दिली.

आता यातला खरा त्रास सांगतो. कायदा छापलेला असतो, भिंतीवर पाटी असते, सरकार असतं, खातं असतं, सगळं असतं, पण त्या दहा सेकंदात 'नाही' म्हणायचं काम कुणाच्या तोंडावर येतं तर दुकानातल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या. समोरचा शिव्या देतो, बाहेरचे तिघं आत येतात, मागे लाइन लागलेली असते, आणि मालक गल्ल्यावरून नुसतं बघतो. मी सगळ्यांना नाही म्हणालो असं खोटं सांगणार नाही. दोन-तीनदा दिली असणार, दिसायला मोठे होते अशी मनाची समजूत घालून.

ब्रिटनमध्ये यावर काढलेला उपाय मला खूप आवडतो. तिथे विकायचं वय 18 आहे, पण दुकानं 'चॅलेंज 25' पाळतात, म्हणजे जो 25 च्या खालचा वाटेल त्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं. यातली हुशारी बघा. माणसाचा अंदाज चार-पाच वर्षांनी सहज चुकतो, 16 चा पोरगा 19 चा वाटू शकतो, पण 16 चा पोरगा 25 चा वाटणं जरा अवघड आहे. आणि 22-23 च्या माणसालाही विचारायचं ठरल्यावर त्यात अपमान राहत नाही, उलट पुढे पुढे लोक खूश होतात की अजून आपल्याला विचारतात! काउंटरवरच्या पोराला 'साहेब, सगळ्यांनाच विचारतो' म्हणता येतं, हे त्याच्यासाठी ढालीसारखं आहे. शिवाय तिथे बरीच दुकानं एक वही ठेवतात, आज किती वाजता कुणाला नाकारलं, दिसायला कसा होता, काय मागत होता. उद्या केस झालीच तर आपण खबरदारी घेत होतो हे दाखवायला ती वही कामाला येते, कारण तिथल्या 2003 च्या लायसन्सिंग कायद्यात विकणाऱ्याला बचाव ठेवलाय की मी वय तपासायला शक्य ते सगळं केलं होतं. आणि त्याच कायद्यात नंतर घातलेलं एक कलम असं की तीन महिन्यांत दोनदा त्याच जागी अल्पवयीनांना विक्री सापडली तर लायसन्सवाला अडकतो, नुसता काउंटरवरचा पोरगा नाही. माझ्या मालकाला हे कलम लागू असतं तर ट्रेनिंग एका वाक्यात उरकलं नसतं.

जपानमधली गोष्ट ऐकून तर मी हसलो होतो. तिथल्या दुकानांत दारू घेतली की गिऱ्हाइकासमोरच्या स्क्रीनवर बटण येतं, 'मी 20 च्या वर आहे', ते दाबायचं. झालं! आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तेच तर आहे ना, वेबसाइट उघडली की '18 पूर्ण आहेत का, हो किंवा नाही'. 'नाही' दाबणारा पोरगा जगात जन्माला आला असेल तर मला त्याला भेटायचंय. घरपोच डिलिव्हरीमध्ये तर वय विचारायचं काम आता टू-व्हीलरवरच्या माणसाकडे गेलंय, ज्याला पुढची ऑर्डर द्यायला दहा मिनिटं आहेत, म्हणजे माझ्यापेक्षाही वाईट अवस्था.

मग वय नक्की किती असावं, यावर लोक तासन्तास भांडतात. जर्मनीत बिअर आणि वाइन 16 ला, व्हिस्की वगैरे 18 ला, आणि आईवडील सोबत असतील तर बिअर-वाइन 14 ला पण चालते. स्वीडनमध्ये बारमध्ये 18, पण सरकारी दुकानातून बाटली घ्यायची तर 20. जपानने 2022 मध्ये सज्ञान व्हायचं वय 20 वरून 18 वर आणलं पण दारूचं 20 च ठेवलं. लिथुआनियाने 2018 पासून 18 चं 20 केलं. भारतात राज्य बदललं की वय बदलतं, कुठे 21, कुठे 25. फ्रान्सची गंमत तर अशी की शाळेच्या जेवणात 14 च्या खालच्या पोरांना वाइन द्यायची नाही हा नियम 1956 ला आला, म्हणजे तोपर्यंत देत होते! मोठ्या पोरांची तर 1981 ला बंद झाली. आज आपल्याला हे वेड्यासारखं वाटतं, तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

पण वय वर-खाली केल्याने काय होतं याचं उत्तर दोन देशांनी आयतंच दिलंय, आणि ते सोपं आहे. अमेरिकेत 1971 ला मतदानाचं वय 18 झालं तसं बऱ्याच राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं, मग रस्त्यावर पोरं मरायला लागली, शेजारच्या राज्यात वय कमी असेल तर पोरं गाडी काढून तिकडे जाऊन पिऊन तशीच परत यायची. शेवटी 1984 मध्ये केंद्राने कायदा केला की ज्या राज्यात 21 नाही त्याच्या हायवेच्या निधीतून कपात. साउथ डकोटा सुप्रीम कोर्टात गेलं, 1987 मध्ये हरलं, आणि 1988 पर्यंत सगळी राज्यं 21 वर आली. वय वाढवलेल्या राज्यांमधले त्या वयाच्या पोरांचे गाड्यांचे अपघात साधारण 16 टक्क्यांनी कमी झाले. न्यूझीलंडने उलटं केलं, 1999 च्या डिसेंबरात 20 वरून 18 वर आणलं. आणि तिथे पुढच्या काही वर्षांत दारूमुळे अपघातात जखमी होणारे 20-24 वाल्यांच्या मानाने वाढले ते 18-19 चेच नाही, 15 ते 17 चे पण. म्हणजे कायदा 18 वाल्यांसाठी बदलला आणि बाटली पोचली 15 वाल्यांकडे. याचं कारण मला कुणी समजवायला नको, 18 च्या पोराचे मित्र 16 चे असतात, 20 च्या पोराचे सहसा नसतात.

आता त्या रात्रीचं.

माझा एक शाळेपासूनचा मित्र, त्याचा मुलगा 15 चा. रात्री अकराला फोन आला, लवकर ये, पोरगं उठत नाहीये. मी पोचलो तर पोरगं पलंगावर उताणं, उलटीचा वास, कपाळ गार आणि घामेजलेलं, ओठ फिकट, आणि मित्राचं म्हणणं की झोपू दे, सकाळी उतरेल, तेव्हा बघतो त्याच्याकडे. वहिनी त्याला ब्लॅक कॉफी पाजायच्या नादात होत्या. मी त्याला आधी कुशीवर वळवलं, कारण काउंटरवरच्या दिवसांत एकदा आमच्या इथे एकाला असंच झालं होतं आणि ॲम्ब्युलन्सवाल्याने मला झाप झाप झापलं होतं की उताणा का ठेवला, उलटी घशात गेली तर गेला असता. उलटी श्वासनलिकेत जाऊ न देण्याची घशाची जी आपोआप प्रतिक्रिया असते ती दारूने मंद होते, झोपेत उलटी आली तर फुफ्फुसात जाते, माणूस गुदमरतो. तेवढं कळत होतं म्हणून वळवला, बाकी माझेही हातपाय लटपटत होते.

श्वास मोजले. एकदा दोन श्वासांच्या मध्ये मी दहापर्यंत मोजलं. तिथून पुढे आम्ही कुणी वाद घातला नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मिनिटाला आठच्या खाली श्वास, किंवा मध्ये दहा सेकंदांची गॅप, किंवा हलवून चिमटे काढूनही जागा होत नाही, किंवा अंग गार निळसर, यातलं एक जरी दिसलं तरी 'झोपू दे' म्हणायचं नाही. थंड पाणी, कॉफी, चालवणं, मुद्दाम ओकायला लावणं यातल्या कशाने दारू रक्तातून बाहेर पडत नाही, उलट ओकायला लावणं जास्त धोक्याचं. लिव्हरला लागतो तेवढा वेळ लागतोच. आणि जे मला आधी माहीत नव्हतं ते हे की माणूस बेशुद्ध पडला तेव्हा त्याच्या रक्तातली दारू सगळ्यात जास्त असते असं नाही, पोटात राहिलेली अजून रक्तात जात असते, म्हणजे तो झोपल्यावर पण चढतच असते. म्हणून 'आता पिणं थांबलंय, आता उतरेल' हा हिशोब चुकतो.

हिशोबावरून आठवलं, घरी आल्यावर मी कागदावर मांडला. 40 टक्क्यांची दारू, पोराने एक मोठा ग्लास नीट मारला असं धरू, 200 मिली, त्यात 80 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण 63 ग्रॅम. मोठ्या माणसाचं लिव्हर तासाला ढोबळ मानाने सात-आठ ग्रॅम काढतं, म्हणजे आठ-नऊ तासांचं काम. आणि हे त्याने पैजेवर पाच मिनिटांत पोटात टाकलेलं. 50 किलोच्या पोराच्या अंगात पाणी कमी, त्यामुळे तेवढीच दारू 80 किलोच्या बापापेक्षा त्याच्या रक्तात कितीतरी घट्ट होणार. हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या त्यांनी बोटाला टोचून साखर बघितली, मला वाटलं डायबेटिस बघतायत का काय. तर दारू पचवण्यात गुंतलेलं लिव्हर नवीन साखर बनवायचं थांबवतं, उपाशी पोटी असेल तर साखर धाडकन उतरते, लहान मुलांमध्ये तर जास्तच, आणि साखर उतरलेला माणूसही झिंगल्यासारखाच दिसतो. त्याची 58 निघाली. लगेच सलाइनमधून ग्लुकोज सुरू केलं.

मेंदूचं म्हणाल तर तो 25 च्या आसपास बांधून पुरा होतो, आणि सगळ्यात शेवटी पुढचा भाग, जो आपल्याला 'थांब' म्हणतो. आठवणी साठवायचा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस, तो या वयात दारूला हळवा असतो. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट सापडलीय, वयात येणाऱ्या उंदरांना दारूने झोप कमी येते, तोल कमी जातो, पण आठवणीचा बट्ट्याबोळ मोठ्यांपेक्षा जास्त होतो. म्हणजे मोठ्या माणसाला जी सुस्ती येऊन 'आता पुरे' वाटतं ती पोरांना उशिरा येते. 'बघ, मला काही होत नाही' असं म्हणणारा पोरगा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच काही वाटत नसतं, तोच तर घोटाळा आहे.

आणि सवयीचं. अमेरिकेत 1997 साली छापून आलेल्या पाहणीत 27 हजारांवर पिणारे किंवा आधी पीत असलेले लोक होते, त्यात ज्यांनी 14 किंवा त्याआधी सुरू केलं त्यांच्यातले 40 टक्क्यांहून जास्त आयुष्यात कधीतरी दारूच्या आहारी गेले, आणि ज्यांनी 20 किंवा त्यानंतर सुरू केलं त्यांच्यातले साधारण 10 टक्के. आता लगेच कुणी म्हणेल की लवकर पिणारी पोरं आधीच तसल्या घरातली, तसल्या स्वभावाची असतात, ते कारण असेल. असेल थोडं. पण म्हणून मी माझ्या भाच्याला 14 व्या वर्षी ग्लास भरून देऊन बघणार नाही.

हो, 'घरी आमच्यासमोर घोटभर घेतलेली बरी, बाहेर जाऊन चोरून पिण्यापेक्षा' हे मी पण एके काळी म्हणायचो, ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं. ऑस्ट्रेलियात 1900 हून जास्त मुलांच्या सहा वर्षं मागे लागून हेच तपासलं, 2018 मध्ये निकाल आला, आईबापांनी दिल्याने पोरं सांभाळून प्यायला शिकतात याला काही आधार सापडला नाही, उलट घरून मिळणारी पोरं पुढे एका बैठकीत जास्त पिणारी निघाली आणि बाहेरून मिळवायचं प्रमाणही त्यांच्यात जास्त. आइसलँडने दुसरा रस्ता धरला, 1998 मध्ये तिथली 15-16 ची 42 टक्के पोरं महिन्यात एकदा तरी झिंगलेली असायची, 2016 ला ती 5 टक्क्यांवर आली. विकायचं वय 20 ठेवलं, जाहिरात बंद, पोरांना संध्याकाळी खेळाला-गाण्याला पैसे दिले, 13 ते 16 च्या पोरांना हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्याने बाहेर बंदी, आणि आईबापांनी आपापसात लेखी ठरवलं की कुणाच्याच घरी पोरांना दारू मिळणार नाही. यातलं शेवटचं मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण त्यात दुकानदाराला शिव्या घालायची सोय नाही.

पोरगा पहाटे चारच्या सुमारास डोळे उघडून आईला शोधायला लागला. आम्ही दोघं बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर. मित्र तेव्हापासून एकच बोलत होता, कुठल्या दुकानाने दिली, मी त्या दुकानाचं लायसन्स घालवतो. सकाळी पोराने सांगितलं की दुकानात तो गेलाच नव्हता, क्लासमधल्या मित्राच्या मोठ्या भावाने आणून दिली, पैसे पोरांनी वर्गणी काढून दिले, भाऊ 26 चा. दुकानदार तर बघा, त्याच्या जागी मी असतो तरी काय कळणार होतं, आयडी खरं, चेहरा खरा.

कायदे यालाही धरतात हे मी त्याला सांगितलं. ब्रिटनमध्ये पोरांसाठी विकत आणून देणं वेगळा गुन्हा आहे. भारतातल्या 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 तर नुसतं विकणं म्हणतच नाही, मुलाला दारू 'देणं' म्हणतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. मित्र ऐकत होता, फोनवर पोलीस स्टेशनचा नंबरही काढून झाला होता त्याचा.

मग मी विचारलं, मी 16 चा होतो तेव्हा माझी पहिली बाटली कुणी आणली होती आठवतं का? आठवत होतं त्याला. तो तेव्हा 19 चा होता, नापास होऊन आमच्या वर्गात आलेला, आणि दुकानात वर मान करून जाऊ शकणारा आमच्यातला एकटाच. पैसे मीच मोजून दिले होते, बरोब्बर.

त्याने फोन खिशात टाकला. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, साखर आता नॉर्मल आहे, चहा घ्या दोघं. बाटली आणून देणाऱ्या त्या भावाच्या वडिलांशी बोलायचं का पोलिसांत जायचं, अजून ठरलेलं नाही त्याचं, काल परत मला तेच विचारत होता.